दोरीच्या आत किती रोपं?

एका प्रोजेक्टमध्ये ग्राहकांचा जुना डेटा साफ करायचं काम आमच्या टीमकडे आलं होतं. दुसऱ्याच दिवशी टीममधल्या चेन्नईच्या एका मुलाने बग टाकला. जन्मतारखेच्या कॉलममध्ये १ जून या तारखेला डोंगर उभा राहिलाय, मायग्रेशन करताना डिफॉल्ट व्हॅल्यू पडलेली दिसते, वगैरे. आम्ही दोन-तीन मराठी पोरं हसायलाच लागलो. त्याला काय माहीत बिचाऱ्याला, की महाराष्ट्रात साठीच्या पुढच्या माणसाला वाढदिवस विचारला की १ जून हे उत्तर मिळायची शक्यता जबरदस्त असते! शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराची जन्मतारीख बापाला ठाऊक नसायची, आणि दाखल्यातला रकाना तर भरायलाच हवा. मग हेडमास्तर अंदाजाने वर्ष धरायचे आणि पुढे १ जून लिहून मोकळे व्हायचे. म्हणजे डिफॉल्ट व्हॅल्यू पडली होती हे त्याचं निदान शंभर टक्के बरोबर होतं. फक्त ती सर्व्हरने टाकलेली नव्हती, हेडमास्तरांनी टाकलेली होती.

तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. कुठलाही आकडा दिसला की पहिला प्रश्न पडतो, हा रकान्यात लिहिला कोणी? कुठे बसून? त्याच्या समोर कोण होतं, आणि संध्याकाळची शेवटची एसटी किती वाजता होती?

हा लिहिणारा माणूस सरकारी भाषेत अनेक नावांनी ओळखला जातो. प्रगणक, अन्वेषक, संकलक, सांख्यिकी सहायक. जनगणना खात्यात तर 'काँप्युटर' नावाचं पदही होतं, स्पेलिंग शेवटी 'ओ-आर' असं. म्हणजे ज्या यंत्रावर माझं पोट चालतं ते आधी चक्क एका माणसाचं पदनाम होतं. आमच्या नात्यातले एक काका एका जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयातून सांख्यिकी सहायक म्हणून निवृत्त झाले. कॉलेजात असताना मला ती जगातली सगळ्यात कंटाळवाणी नोकरी वाटायची. टेबलावर तक्ते, तक्त्यांवर पेपरवेट, वर गरगरणारा पंखा. आता मात्र काका दिवाळीला भेटले की मी त्यांना सोडत नाही. त्यांच्याकडून ऐकलेलं आणि नंतर वाचत गेलो ते, असं मिळून हा शनिवार-रविवारचा लेख. सगळ्या खात्यांचा इतिहास सांगायला बसलो तर पुरता महिना जाईल, म्हणून फक्त एका आकड्याच्या मागे लागतो: शेतात पीक किती आलं?

सोपा प्रश्न वाटतो ना? यावरून या देशात सत्याग्रह झालाय.

जुनी पद्धत म्हणजे आणेवारी. चांगलं, पोटभर पीक म्हणजे सोळा आणे. त्या मानाने यंदाचं पीक किती आणे, हे गावकामगाराने बघून सांगायचं. बघून म्हणजे अक्षरशः नजरेनं, बांधावर उभं राहून. तो आकडा तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, तिथून मुंबईला. वर जाताना त्याची बेरीज, सरासरी, दशांश चिन्हं सगळं व्हायचं, पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जोसाया स्टॅम्प या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९२९ मध्ये हिंदुस्थानातल्या एका न्यायाधीशाचा किस्सा छापला होता. त्याचा मतलब असा की सरकार आकड्यांची घनमुळं काढेल, सुंदर आलेख काढेल, पण मुळात तो आकडा गावच्या चौकीदाराने त्याच्या मनाला येईल तसा लिहिलेला असतो. किस्सा गाजला. हसून सगळ्यांनी चौकीदाराला नावं ठेवली. त्याला नजरेव्यतिरिक्त दुसरं काय साधन दिलं होतं, हे विचारणारे कमी.

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात (तेव्हा मुंबई इलाख्यातच होता तो) पीक बुडालं. नियम असा होता की पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब करायची. सरकारी कागदांप्रमाणे पीक चार आण्यांच्या वर. शेतकरी म्हणत, चार आण्यांच्या खाली. भारत सेवक समाजाची मंडळी चौकशीला गेली, अमृतलाल ठक्कर म्हणजे आपले ठक्करबाप्पा त्यात होते, गांधीजी आणि वल्लभभाई उतरले, आणि खेड्याचा सत्याग्रह उभा राहिला. इतिहासाच्या पुस्तकात आपण तो 'साराबंदीची चळवळ' म्हणून पाठ केला. पण वादाच्या मुळाशी काय होतं बघा. एक मोजमाप! दोन्ही बाजूंकडे नजरेशिवाय पुरावा नव्हता, आणि नजर कोणाची चालणार हा प्रश्न सत्तेचा होता. आणेवारीची पुढे पैसेवारी झाली, आणि पैसेवारी पन्नासच्या आत की बाहेर यावर अजूनही वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्त्यांत रकाने भरतात.

नजरेच्या जागी काटा आणायचा पहिला मोठा प्रयत्न मला तरी १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात दिसतो. जॉन हबॅक नावाचा आयसीएस अधिकारी. (हाच पुढे ओरिसाचा पहिला गव्हर्नर झाला.) त्याने म्हटलं, कुठलं शेत कापायचं हे माणसाने निवडायचंच नाही, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं पाहिजे. कारण माणूस निवडायला गेला की हात आपोआप चांगल्या पिकाकडे वळतो. मग त्या शेतात एक त्रिकोणी चौकट ठेवायची (त्रिकोणी 'चौकट' हा शब्द चुकीचा आहे खरा, पण चालवून घ्या), तिच्या आतलं भात कापायचं, झोडायचं, वजन करायचं.

त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ एकराचा ३२०० वा भाग. हा विचित्र आकडा कशाला? तर ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण, म्हणजे मणाचे तोळे बरोबर ३२००. त्रिकोणातलं भात जितके तोळे भरेल, तितके मण एकरी उत्पन्न! शेतात उभ्या असलेल्या माणसाला गुणाकारच करायला लागत नाही. मला हे वाचून अक्षरशः टाळी वाजवावीशी वाटली. हिशेब डोक्यातून काढून हत्यारात बसवला, की चुकायची एक जागा कायमची बंद होते. आम्ही त्याला यूझर इंटरफेस म्हणतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो :)

यानंतर गोष्टीत येतात प्रशांतचंद्र महालनोबिस. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. १९१५ मध्ये केंब्रिजहून परतताना 'बायोमेट्रिका' या संख्याशास्त्राच्या नियतकालिकाचे अंक बरोबर घेऊन आले आणि त्या नादाला लागले. डिसेंबर १९३१ मध्ये त्यांनी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट काढली, पहिल्या वर्षाचा खर्च २३८ रुपये. वर्षाचा! त्या खोलीत हाताने फिरवायची गणकयंत्रं आणि ती फिरवणारी मुलं. ही मुलं म्हणजेच त्या संस्थेचे 'काँप्युटर'. भारतातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक याच संस्थेत १९५० च्या दशकाच्या मध्यात आला. तोपर्यंतचा सगळा भार दंडावर.

इथे उमेदवारी करायला कोण येत होतं याचं एकच उदाहरण देतो. हडगळी नावाच्या बेल्लारीकडच्या गावात जन्मलेला एक विशीतला मुलगा लष्कराच्या सर्व्हे युनिटमध्ये नोकरी मिळते का बघायला कलकत्त्याला गेला. नोकरी मिळाली नाही. ज्या हॉटेलात उतरला तिथे या संस्थेत शिकायला आलेला एक जण भेटला, त्याच्या बोलण्यावरून हा चौकशीला गेला आणि जानेवारी १९४१ मध्ये दाखल झाला. सी. आर. राव. ज्यांच्या नावाची असमानता आणि प्रमेय आज जगभर शिकवतात ते. १९४६ मध्ये त्यांना केंब्रिजला पाठवलं ते प्रमेयं मांडायला नव्हे, तर सुदानमधून खणून आणलेल्या सांगाड्यांची मोजमापं तपासायला. म्हणजे कामाच्या स्वरूपात सांख्यिकी सहायकच! २०२३ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांना संख्याशास्त्राचं सर्वोच्च आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले.

असो. आपण शेतात होतो, तिकडे परत जाऊ.

१९३७ पासून महालनोबिसांनी बंगालमधल्या तागाचा अंदाज नमुना पाहणीने काढायला घेतला. त्यांची माणसं सायकलने, होडीने, पायी जाऊन चिठ्ठीत निघालेल्या तुकड्यांवर पोचायची आणि तिथे ताग आहे की भात ते नोंदवायची. १९४१ साली हिशेब एकमेकांशेजारी ठेवले गेले. प्रत्येक शेत मोजून काढलेला सरकारी आकडा सुमारे ६३ लाख गाठी. थोडी शेतं बघून काढलेला महालनोबिसांचा आकडा सुमारे ७५ लाख. आणि व्यापारी व जकातीच्या नोंदींवरून प्रत्यक्ष बाजारात आलेला माल? जवळपास ७५ लाखच. सगळी शेतं मोजणाऱ्यांचा अंदाज बारा लाख गाठींनी चुकला, थोडी मोजणाऱ्यांचा बरोबर आला, आणि तोही कितीतरी कमी खर्चात.

हा निकाल सांगताना साधारणपणे 'नमुना पाहणीच्या गणिताचा विजय' असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. सगळी शेतं मोजायची तर हजारो माणसं लागतात, घाईत भरती केलेली, धड न शिकवलेली, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला कोणी नाही. थोडी शेतं मोजायची तर थोडी माणसं लागतात, ती नीट शिकवता येतात. गणिताने काम छोटं केलं, आणि छोटं झालं म्हणून ते माणसांना नीट करता आलं.

महालनोबिसांना हे पुरतं ठाऊक होतं. कारण त्यांनी जी युक्ती काढली ती गणितापेक्षा माणसाच्या स्वभावावर बेतलेली आहे. एकाच भागासाठी दोन स्वतंत्र नमुने काढायचे आणि ते दोन वेगळ्या तुकड्यांना द्यायचे. एकीने काय लिहिलं ते दुसरीला कळता कामा नये. मग कचेरीत दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. फरक नेहमीपेक्षा मोठा निघाला की समजायचं, कोणीतरी झाडाखाली बसून फॉर्म भरलेत, किंवा कोणाला तरी नीट शिकवलेलं नाही. दोघांवर शिव्या न घालता, पोलिसी न करता, नुसत्या वजाबाकीतून कळतं. याला ते एकमेकांत गुंतलेले उपनमुने म्हणत. यात एकच गोची आहे: दोन्ही तुकड्या सारख्याच पद्धतीने चुकत असतील तर वजाबाकी शून्य येते आणि सगळं छान दिसतं.

आणि नेमकं तिथेच एका मराठी माणसाने बोट ठेवलं.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. फर्ग्युसनमधून पदवी, मग लंडनला जाऊन नेमन आणि ईगॉन पिअर्सन यांच्या हाताखाली डॉक्टरेट. १९४० पासून ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत होते. पुढे १९५१ मध्ये रोमला अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. कृषी महाविद्यालयात शिकलेल्या कोणालाही 'पानसे-सुखात्मे' म्हटलं की जाडजूड पुस्तक आठवतं, त्यातले हे सुखात्मे.

तागाच्या पाहणीत प्रश्न क्षेत्राचा होता. उत्पन्न काढायला मात्र कापणी करावी लागते, आणि कापायचा तुकडा किती मोठा, इथे ठिणगी पडली. महालनोबिसांची माणसं छोटी वर्तुळं कापायची. मधे खुंटी, तिच्याभोवती दांडी फिरवायची, दोन-चार फुटांच्या त्रिज्येत येईल ते कापायचं. पटकन होतं, शेतकऱ्याचं नुकसान होत नाही, दिवसात जास्त शेतं होतात. सुखात्मे म्हणाले, छोटा तुकडा घेतला की उत्पन्न फुगतं. त्यांनी एकाच भागात वेगवेगळ्या आकारांचे तुकडे कापून बघितले आणि १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं: तुकडा जितका छोटा, तितका एकरी उतारा जास्त. जमीन तीच, गहू तोच!

का बरं? कारण कडेचं रोप. दांडी रोपाला टेकते. आत की बाहेर? विळा हातात आहे, रोप भरलेलं आहे, हात त्याला आत ओढतो. यात लबाडी नाही, हा हाताचा स्वभाव आहे. आणि सगळ्यांचे हात एकाच दिशेने ओढतात, म्हणून दोन तुकड्यांची वजाबाकी केली तरी ते पकडलं जात नाही.

याचा हिशेब मी स्वतः करून बघितला, तुम्हीही करा. समजा कडेला चहूबाजूंनी फक्त ५ सेंटीमीटरची पट्टी जास्त कापली गेली. दोन फूट त्रिज्येचं, म्हणजे साधारण ६१ सेंटीमीटरचं वर्तुळ असेल तर क्षेत्र १७ टक्क्यांनी वाढतं. परिषदेच्या पद्धतीत ३३ फूट बाय साडेसोळा फुटांचा, म्हणजे एकराच्या ८० व्या भागाचा तुकडा घ्यायचे. त्यात तीच ५ सेंटीमीटरची चूक ३ टक्क्यांवर येते. माणूस तोच, विळा तोच, चूक तीच. हबॅकच्या सुंदर त्रिकोणाची गोचीही हीच असणार, तोही जेमतेम चौदा चौरस फुटांचा होता.

महालनोबिसांनी हे सहज मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं, नीट शिकवलेली, पूर्णवेळ, आपली स्वतःची माणसं असतील तर छोटा तुकडाही चालतो, आणि ज्या महसूल खात्याचा शेतसाऱ्यात हितसंबंध आहे त्याच्या नोकरांकडून पिकाचा आकडा घेऊच नये. (खेडा आठवलं ना?) सुखात्म्यांचं म्हणणं, देशभर स्वतंत्र फौज उभी करायला पैसा आणि वेळ कुठून आणणार? तलाठी, पटवारी, कृषी खात्याचा माणूस आहे तो गावात आहेच, त्याच्याकडूनच करून घ्या, फक्त त्याला अशी पद्धत द्या की त्याची चूक झाली तरी फार बिघडू नये. दोघेही पहिल्या दर्जाचे संख्याशास्त्रज्ञ, पण भांडण खरं म्हणजे समीकरणाचं नव्हतंच. खाली उभ्या असलेल्या माणसाबद्दल तुमची अपेक्षा काय, याचं होतं.

माझं मत विचाराल तर आकाराच्या बाबतीत मी सुखात्म्यांच्या बाजूचा. चूक होणारच असं धरून जे बांधलेलं असतं तेच टिकतं, हे रात्री दोन वाजता प्रॉडक्शन सर्व्हर पडल्यावर कोणालाही पटतं. पण आकडा आपल्याच खात्याच्या सोयीचा असेल तेव्हा दुसऱ्या कोणीतरी तो पुन्हा मोजावा, ही महालनोबिसांची शंका मला जास्त खोल वाटते. आणि हे सगळं १९४३ च्या दुष्काळाच्या सावलीत चाललं होतं हे विसरू नका. बंगालमध्ये लाखो माणसं मेली आणि प्रांतात तांदूळ नेमका किती आहे याचा भरवशाचा आकडा सरकारकडे नव्हता. नंतर १९४४-४५ मध्ये महालनोबिसांच्याच माणसांनी गावोगाव फिरून त्या दुष्काळानंतरची पाहणी केली. कोणाची जमीन गेली, कोणाचे बैल गेले, घरात कोण उरलं. त्या तक्त्यांचे रकाने भरणाऱ्यांच्या मनाचं काय झालं असेल, हे मात्र कुठल्या रकान्यात नाही.

पुढचं थोडक्यात. उत्पन्नासाठी देशाने परिषदेची पद्धत उचलली. महालनोबिसांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिली फेरी ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१, १८३३ गावं. यात पुण्याचाही हात आहे बरं का. धनंजयराव गाडगीळ महालनोबिसांबरोबर राष्ट्रीय उत्पन्न समितीवर होते, आणि पहिल्या फेरीत काही गावांत गोखले इन्स्टिट्यूटने तयार केलेली प्रश्नावली वापरली गेली. पाहणीचे अन्वेषक जिथे जात तिथे शेर वेगळा, पायली वेगळी, खंडी तर विचारूच नका. नमुना पाहणीनेही स्वतःच्या छोट्या वर्तुळांनी पिकाचे आकडे काढणं चालू ठेवलं, आणि बरीच वर्षं देशात धान्याचे दोन आकडे फिरत होते. परदेशातून गहू किती मागवायचा हे ठरवताना दोन आकडे असणं म्हणजे काय, याची कल्पना करा. शेवटी १९७० च्या सुमारास नमुना पाहणीने ती कापणी थांबवली आणि १९७३-७४ पासून वेगळं काम घेतलं: राज्यांचे लोक करतात त्या पीक कापणी प्रयोगांपैकी काहींवर जाऊन उभं राहायचं आणि ते नीट होतात का बघायचं. दोरी धरणाऱ्याकडे बघणारा माणूस.

नमुना पाहणीचा आणखी एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही, जरा बाजूचा असला तरी. १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत घरखर्च विचारताना खाण्याच्या वस्तूंसाठी गेल्या ७ दिवसांचा आणि गेल्या ३० दिवसांचा असे दोन रकाने फॉर्मवर शेजारी शेजारी छापले. हेतू चांगला होता, दोन्ही पद्धतींची तुलना व्हावी. पण समोर दोन रकाने दिसले की माणूस, विचारणारा असो की सांगणारा, ते एकमेकांशी जुळवायला लागतो! त्या फेरीवरून देशातलं दारिद्र्य १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आल्याचं जाहीर झालं, आणि मग कित्येक वर्षं अर्थतज्ज्ञ, त्यात पुढे नोबेल मिळालेले अँगस डीटनही, यातलं किती खरं आणि किती फॉर्मच्या मांडणीमुळे हे सोडवत बसले. कोट्यवधी माणसं दारिद्र्यरेषेच्या वर की खाली, हे ठरवण्यात दोन रकान्यांमधल्या एका रेघेचा हात!

आता काकांकडे येतो. महाराष्ट्रात आज बहुतेक पिकांना कापणीचा तुकडा १० मीटर बाय ५ मीटरचा असतो, म्हणजे सुखात्म्यांच्या तुकड्याएवढाच जवळपास. गट नंबर यादृच्छिक निघतो, शेताच्या नैर्ऋत्येच्या कोपऱ्यापासून किती पावलं लांबीला आणि किती रुंदीला हेही. तिथे खुंटी ठोकायची, दोरी ताणायची, आणि काटकोन बरोबर आहे का हे बघायला कर्ण मोजायचा: ११.१८ मीटर. पायथागोरस दहावीनंतर इतक्या उपयोगी पडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. कर्ण कमी-जास्त आला तर तुकडा तिरपा झाला, पुन्हा ठोका. दोरीवर आलेल्या रोपाचाही नियम आहे: बुंधा निम्म्याहून जास्त आत असेल तरच ते आत. काका म्हणतात, सुतळी पावसात भिजली की आखडते आणि नवी असली की ताणते, म्हणून ते दर मोसमात आधी टेपने तपासून घ्यायचे.

पूर्वी हा आकडा राज्याच्या तक्त्यात जाऊन बसायचा. २०१६ पासून पंतप्रधान पीक विमा योजनेत तो थेट शेतकऱ्याच्या खात्याशी जोडला गेला, आणि २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्राने नुकसानीचे इतर निकष बाजूला ठेवून भर पीक कापणीवरच्या उत्पादनावर दिला. काही पिकांत उपग्रहावरून काढलेला अंदाज मिसळतात, तरी पाया तोच. आता समजा एका मंडळात सोयाबीनचं उंबरठा उत्पादन हेक्टरी १२ क्विंटल आहे आणि यंदा खरं उत्पादन १० क्विंटल आलंय. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५० हजार धरा. तूट २ क्विंटल, भरपाई सुमारे ८,३३० रुपये. आता सगळ्या प्रयोगांत कडेची ती ५ सेंटीमीटरची पट्टी आत ओढली गेली असं समजा. उत्पादन १०.३ दिसेल आणि भरपाई सुमारे ७,०८० वर येईल. हेक्टरी साडेबाराशे रुपये गेले. त्या पन्नास चौरस मीटरांत सोयाबीन भरलं असतं पाच किलो. फरक पडला दीडशे ग्रॅमचा.

आणि हात उलटा ओढला तर विमा कंपनीचं तेवढंच नुकसान. म्हणून आता त्या तुकड्याभोवती तलाठी (२०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), कृषी खात्याचा माणूस, शेतकरी, गावातले दोन-चार जण आणि कंपनीचा प्रतिनिधी एवढे लोक उभे असतात. शिवाय मोबाइल ॲप, ज्यात फोटो आणि जागेचे अक्षांश-रेखांश लागतात. ॲपला तुकडा कुठे आहे ते कळतं, रोपाचा बुंधा निम्म्याहून जास्त कुठल्या बाजूला आहे ते अजून खाली बसूनच बघावं लागतं.

काकांच्या वेळी एवढी गर्दी नसायची. पण शेतकरी आणि सोबतचा कर्मचारी यांची कडेच्या रोपावरून जुंपायचीच. शेतकऱ्याला वाटायचं कमी भरावं, म्हणजे पैसेवारी खाली येईल. सोबतच्याला वाटायचं जरा बरं दिसावं, म्हणजे वरून विचारणा होणार नाही. मी काकांना विचारलं, मग तुम्ही काय लिहायचात?

"काट्यावर येईल ते," काका म्हणाले. "आणि पोत्याचं वजन वजा करायचं. ते सगळे विसरतात बघ."